तात्यांच्या मापाची सीट

गॅरेजवाल्याकडे किस्से साठतात ते सुट्ट्या नटबोल्टांच्या डब्यासारखे. कुठल्या गाडीचा कुठला नट, हे आता सांगता येत नाही, पण फेकूनही देववत नाही. संध्याकाळी दोन माणसं चहाला टेकली की डबा आपोआप उघडतो. आष्ट्यात माझं गॅरेज आहे, तिथं असे डबे भरपूर भरलेत. पण त्यातला एक अख्खा डबा एकाच सीटचा आहे. गाडीचा नाही हां, सीटचा. जुन्या जीपमधली, ड्रायव्हर बाजूची, एक सीट. तिच्यापायी माझा सगळा उन्हाळा गेला, इक्बालभाईंची झोप गेली, घरच्यांची बोलणी खाल्ली. तरी सोडली नाही. तात्या सोडू देतील तर ना!

* * *

तात्या म्हणजे पलूसकडचे रिटायर फौजी. उंची सहा फूट चार इंच. मिलिटरीत सगळी नोकरी ड्रायव्हर म्हणून केली, म्हणजे जन्मभर साहेबांच्या गाड्या चालवल्या. रिटायर झाल्यावर स्वतःची म्हणून जी पहिली गाडी घेतली, ती लिलावातली जुनी जीप. घरच्या बैलापेक्षा जास्त जीव लावला तिला.

आता माझं स्पष्ट मत सांगतो. जुनी जीप ही बुटक्या माणसांनी बुटक्या माणसांसाठी केलेली वस्तू आहे. सीट पुढं सरकत नाही, मागं सरकत नाही. पाठ टेकायला जे काही असतं ते कमरेपाशीच संपतं. तात्या बसले की दोन गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना वर यायचे, आणि समोरच्या काचेची वरची पट्टी बरोबर डोळ्यांसमोर. रस्ता बघायचा तर मान खाली घालायची. अशी कित्येक वर्षं चालवली. शेवटी कंबर गेली आणि मिरजेला ऑपरेशन झालं.

त्यानंतरचं पहिलं लग्न साताऱ्यात, मालनकाकींच्या माहेरी. काकी म्हणजे तात्यांच्या मंडळी. सगळे नको म्हणत असताना तात्यांनी जीपच काढली. काकींच्या भावाच्या दारात, मांडवासमोर जीप उभी राहिली आणि तात्यांना काही उतरता येईना. दोघांनी बगलेत हात घातले, एकानं पाय धरले. बँडवाल्यांनी लांबून बघितलं, कुणालातरी उचलून आणतायत म्हटल्यावर नवरदेवच असणार असं समजून त्यांनी जोरात सुरू केलं. सगळं माहेर गच्चीवर उभं राहून बघत होतं. तात्या कण्हत होते आणि खाली पोरं नाचत होती.

तिथं काकींनी अक्षता टाकल्या, पंगतीत वाढलं. घरी आल्यावर बोलल्या. "आवं, ही जीप आता विकायची. पुण्याचं गिऱ्हाईक तयार हाय."

तात्या म्हणाले, "एक संधी दे."

"दिली. माज्या भावाच्या दारात, त्याच जागी, कुणाचा हात न धरता सरळ उतरून दावायचं. त्वांडातनं आवाज सुदीक यायचा न्हाई. जमलं तर ऱ्हाऊ दे जीप."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेज उघडायच्या आधी तात्या शटरसमोर उभे. "संजय, सीट करायची. जमंल का म्हून इचारत न्हाई. करायची म्हून सांगतोय."

* * *

कुशनच्या कामाला आमच्याकडं एकच नाव, मिरजेचे इक्बालभाई. शेजारच्या दुकानात तंबोरेवाले तंबोरे जुळवत बसलेले असतात आणि हे इकडं स्प्रिंगांवर हातोडा घालत असतात. दोघांचं कसं पटतं ते त्यांनाच ठाऊक.

गॅरेजवर बोलावलं तसे इक्बालभाई आले, टेप काढली आणि म्हणाले, "तात्या, बसा जरा स्टुलावर. माप घेतो."

तात्या बसले. पण कसे? छाती पुढं, हनुवटी वर, दोन्ही हात मांडीवर. सावधान! इक्बालभाईंनी इमानदारीत माप घेतलं, इमानदारीत सीट शिवली. सीट इतकी देखणी झाली की मला वाटलं, झालं काम. तात्या गाडीत बसले, चार किलोमीटर गेले आणि पाठ धरून परत आले. गाडी चालवताना कोण सावधानमध्ये बसतं?

"तात्या, माप देताना सैल बसायचं की हो," इक्बालभाई म्हणाले.

"माप देताना मी सैल कवाच बसलो न्हाई. युनिफॉर्मचं माप असंच देत्यात."

मग इक्बालभाईंनी वेगळीच युक्ती काढली. गॅरेजच्या दारात ओल्या वाळूचा ढीग केला, वर पोतं टाकलं आणि तात्यांना सांगितलं, "बसा हितं. चहा प्या, पेपर वाचा, माप-बिप काय घेत न्हाई मी." तात्या बसले. हळूहळू सैलावले. वाळूत त्यांचा खरा आकार उमटायला लागला आणि इक्बालभाई लांबून डोळे बारीक करून बघत राहिले.

तेवढ्यात दूधसंघाकडं निघालेले गावातले एक आजोबा थांबले. ओल्या वाळूत फतकल मारून पेपर वाचणाऱ्या तात्यांकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "किती दिवसाचं व्रत हाय रं ह्ये?"

* * *

वाळूच्या मापाची सीट झकास झाली. पाठीला उंच टेका, मांडीला आधार, सगळं काही. खाली मी जाड पट्टीची फ्रेम केली. सीट हलू नये म्हणून चार बोल्ट मारले आणि बोल्टांवर विश्वास नाही म्हणून वरनं वेल्डिंगही मारलं. तात्या बसले, खूश झाले. नारळ फोडला, पेढे वाटले. इक्बालभाई बाजूला, मी मागं, असे आम्ही ऐटीत इस्लामपूरच्या दिशेनं निघालो.

वाटेत पेट्रोल पंपावर गाडी घातली. पंपावरचा पोरगा नोझल घेऊन आला आणि गाडीला प्रदक्षिणा घालायला लागला.

"टाकीचं झाकण कुठाय?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. जुन्या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते. सीट उचलायची, मग झाकण उघडायचं. हे मला शिकवायला नको, माझं पोटच त्यावर आहे. इक्बालभाईंनी अशा डझनावारी सीटा शिवल्यात. तात्यांनी तर नोकरीभर तीच सीट उचलून तेच झाकण उघडलंय. आणि तिघांनी मिळून त्याच झाकणावर सीट वेल्डिंग केली!

मागं ट्रॅक्टर हॉर्न मारत होता. पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, पेट्रोल घालायचंय का गाडी कापायचीय ते ठरवा आदी."

* * *

गाडी ढकलत एका ओळखीच्या वेल्डरकडं नेली आणि सीट कापून काढली. त्या दिवशी मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू. वर आणखी एक भानगड होती. सीट उंच झाल्यामुळं तात्यांचं डोकं वरच्या ताडपत्रीच्या पाइपला लागत होतं. मी म्हणालो, "तात्या, ह्या गाडीत तुमी बसनारच न्हाई. हात टेकले मी."

 तात्यांनी सुटलेली सीट खांद्यावर टाकली, रस्त्याच्या कडेला ठेवली आणि तिच्यावर बसले. एसटी आली तशी हात करून थांबवली आणि सीट घेऊन मिरजेला गेले. कुठं? तर ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं होतं, त्यांच्या दवाखान्यात.

पुढचं मला इक्बालभाईंनी सांगितलं, कारण ते पाठोपाठ गेले होते. दवाखान्यात ही गर्दी. बाकड्यांवर जागा नाही. तात्यांनी मधोमध आपली सीट मांडली आणि ऐसपैस बसले. कंबरदुखीचे सगळे पेशंट त्यांच्याकडं बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "दादा, वाईच टेकू का?" तात्या उठले. म्हातारीला दोन मिनिटांत झोप लागली. मग दुसरी बाई. मग तिसरे कुणीतरी. नंबर लागेपर्यंत तात्या उभेच.

आत गेल्यावर डॉक्टरांनी एकदा तात्यांकडं बघितलं, एकदा सीटकडं. "पेशंट कोण? तुम्ही का ही?"

"दोगं बी," तात्या म्हणाले.

डॉक्टर भले माणूस. त्यांनी तात्यांना सीटवर बसवून बघितलं, कमरेपाशी गादी थोडी भरायला सांगितली. आणि जाताना ठणकावलं की कंबर परत गेली तर गाडी विसरायची, कुठलीच गाडी, कायमची. तात्यांनी हे काकींना सांगितलं नाही, मला सांगितलं. तेव्हा मला कळलं की हा माणूस नुसती जीप नाही, स्वतःचं गाडी चालवणं वाचवायला बघतोय. मला माझीच लाज वाटली. त्याच संध्याकाळी मी टाकी उतरवली आणि मागच्या बाकाखाली नवी बसवायला घेतली. डोक्यावरची अडचण होती ना? मग सीट खाली घालायची. गाडीला जे काय वाटायचं ते वाटू दे.

* * *

टाकी मागं गेली, सीट खाली बसली, मागं सरकवायला रूळ केले. तात्या बसले आणि पहिल्यांदाच मान ताठ ठेवून त्यांना रस्ता दिसला.  मग म्हणाले, "आरं, ही तर लय मोठी काच हाय."

आता ती सीट अशी झाली की दुसऱ्या कुणाचं तिथं कामच नाही. मी पाच फूट तीन. एकदा गाडी बाजूला घ्यायला म्हणून बसलो, तर समोर नुसतं आभाळ. क्लचला पाय पोचवायला घसरत घसरत गेलो आणि सीटच्या खाली जाऊन बसलो.

अशात ते पुण्याचं गिऱ्हाईक न सांगता पलूसला येऊन टपकलं. जॅकेट, गॉगल, सगळा थाट. माणूस उंचीला माझ्याएवढाच. काकींनी चहा दिला. तो ऐटीत जीपमध्ये चढला आणि बाहेरून दिसायचाच बंद झाला.

"सीट बदलून मिळेल ना?" आतून आवाज आला.

सीटची शेवटची शिवण बघायला मी आणि इक्बालभाई तिथंच होतो. इक्बालभाई म्हणाले, "बदलायची असंल तर दुसरी गाडी बघा. ही सीट ह्या माणसाची हाय."

गिऱ्हाईक बाहेर आलं आणि काकींकडं वळलं. "काकू, तुम्ही बोला. व्यवहार तुमच्याशी ठरलाय."

मला वाटलं, झालं. काकींचा त्या जीपवरचा राग मला माहीत होता. काकींनी त्याची कपबशी उचलली आणि म्हणाल्या, "शब्द दिलाय मी यास्नी. साताऱ्याला जाऊन येऊ द्या. मग बोलू."

* * *

साताऱ्याला निघालो ते आम्ही चौघं. तात्या स्टिअरिंगला, काकी त्यांच्या डाव्या बाजूला, मी आणि इक्बालभाई मागच्या बाकावर, पाने-पकड घेऊन. काकी म्हणाल्या होत्या, "साक्षीदार पायजेत. मागनं भांडन नको."

पलूसहून कराड, तिथनं हायवे. कराडपर्यंत काकी गप्पा मारत होत्या. कराड सोडलं आणि त्या गप्प झाल्या. उंब्रजपाशी तात्यांनी विचारलं, "चहा घ्यायचा का?" त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. इक्बालभाईंनी मला कोपर मारलं. मलाही तेच वाटत होतं, की काकींचं मन फिरलं. तात्या मात्र मजेत. एक हात खिडकीत, मान ताठ, गाणं गुणगुणत होते. त्यांना असं चालवताना मी आधी कधी बघितलं नव्हतं. 

भावाच्या घरापुढं जीप थांबली. काकींनी आधी फोन करून ठेवला असणार, कारण दारात ही गर्दी. भाऊ, भावजय, पोरं, शेजारचे दोघंतिघं. लग्नात गच्चीवरून बघत होते तेच सगळे.

तात्यांनी इंजिन बंद केलं. दार उघडलं. आधी उजवा पाय टाकला, मग डावा. दोन्ही हात सोडलेले. उभे राहिले आणि तोंडातून आवाज नाही. सहा फूट चार इंच, सरळ. मागं इक्बालभाईंनी माझा दंड इतका जोरात दाबला की वळ उठले.

काकींचा भाऊ पुढं आला, तात्यांचा हात हातात घेतला. "दाजी, शाब्बास. आता जीप काय जात न्हाई."

तात्यांचे डोळे भरले होते. पण काकी काही उतरेनात. जागच्या जागी, पदर सावरून, समोर बघत बसलेल्या.

भाऊ म्हणाला, "आक्का, उतर की."

"उतरते. घाई हाय का काय?"

मी मागं होतो, म्हणून मला दिसलं. काकींनी एका हातानं पुढची दांडी गच्च धरली होती आणि दुसरा हात कमरेवर होता. त्यांच्या बुडाखालची सीट जीप जन्मली तेव्हाची, बोटभर जाडीची, आतल्या स्प्रिंगा कधीच मेलेल्या. सगळ्या उन्हाळ्यात तिच्याकडं आमच्यातल्या एकानंही बघितलं नव्हतं.

तात्या गाडीला वळसा घालून आले. त्यांनी हात पुढं केला.

काकी ओठ न हलवता म्हणाल्या, "हात नगं. भाऊ बघतोय."

तात्यांनी हात मागं घेतला. मग सगळ्यांकडं पाठ करून त्या दारासमोर असे उभे राहिले की घराच्या बाजूनं त्यांच्या पाठीशिवाय काही दिसेना. दोन्ही पाय फाकवून, खांदे रुंद करून, एकदम विश्राम. काकींनी त्यांच्या सदऱ्याची छाती दोन्ही मुठींत धरली आणि उतरल्या. तात्या हलले नाहीत.

मग काकी त्यांच्या मागून बाहेर आल्या, पदर नीट केला आणि ताठ चालत भावाकडं निघाल्या.

"कसा झाला परवास?" भावानं विचारलं.

"लय आरामात आलो. जीप विकायची न्हाई, ठरलं."

आणि तोवर मीही खाली उतरलो होतो, तर माझ्या शेजारून जाताना, मान न वळवता, मला एकट्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माज्या बाजूची कवा करताय?"