भजनाच्या पेटीचा सरस

माझा स्वभाव लहानपणापासून संशयी. आई मला शंकासूर म्हणायची. दूधवाल्याने माप काठोकाठ भरलं तरी मी आत डोकावून बघणार. मग बाबांच्या सरसाची तरी गय कशी करणार?

बाबा सुतार. आमचं गाव मुरबाडहून सिद्धगडाकडे जाताना लागतं. सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडं चुन्याच्या पाण्यात मुरवून, धुवून, उकळून, गाळून वाळवलेला गोंद. बाबा तो शहापूरच्या बाजारातून आणायचे. गुळाच्या रंगाचे कडक तुकडे. आदल्या दिवशी भिजत घालायचे, फुगले की डब्यात भरून डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. थेट विस्तवावर जळतो, खळखळा उकळला तर त्याचा जोर जातो. आईने त्याला घरातल्या चुलीपाशी कधी येऊ दिलं नाही. मागच्या दारी तीन दगड मांडलेले, तेवढीच त्याची जागा. वास असा की गावातली कुत्री येऊन ओळीने बसायची.

मी बारावीला होते, नव्वदीच्या मधल्या वर्षांत, तेव्हा देवळातली भजनाची पेटी आमच्याकडे आली. भात्याच्या घड्या सुटल्या होत्या. घेऊन आले ते बुवा, भजनाचे म्होरके. पोटापाण्याला भातशेती, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा शिरू न देणारे. देवळात त्यांचा शब्द शेवटचा. बाबांनी घड्यांना सरस लावला, भाता दोरीने आवळून दोन दिवस सावलीत ठेवला. पेटी न्यायला आल्यावर बुवांनी भात्याला नाक लावलं.

"काय लावलंस रे मिस्त्री?"

"सरस," बाबा म्हणाले.

"सरसच पायजे. देवाच्या कामाला हलकं कशाला?"

आणि ते पेटी घेऊन गेले. मी दारातच उभी होते. बाबांनी खरं तेच सांगितलं होतं आणि बुवांनी त्याचा अर्थ उत्तम असा घेतला होता. बाबांनी दुरुस्त केलं नाही. रंधा उचलला आणि कामाला लागले. माझ्या मनात आलं, इथे पाणी मुरतंय.

त्या दिवसापासून मला बाबांचा राग यायला लागला. स्पष्ट सांगायचं तर मला ते लबाड वाटायला लागले. बुवा भेटेल त्याला सांगत, मिस्त्रीने पेटीला सरस माल वापरला. बाबा शेजारी बसून झांजा वाजवत असत. एकादशीला मी पेटीकडे कमी आणि बाबांकडे जास्त बघायचे. पावसाळ्यात हवा दमट झाली की भात्याला किंचित वास सुटायचा. देवळाच्या पायरीवर कुत्रं आलं की मी सगळ्यांच्या आधी उठून त्याला हाकलायचे. मृदंगाला कातडं चालतं, हे मला ठाऊक होतं. पण कातडं ताणलं तर ते वाद्य, उकळलं तर रस्सा, असा आमच्याकडचा न्याय. हे फुटलं असतं तर पेटी देवळाबाहेर गेली असती आणि तिच्यामागून बाबा. ज्या देवळाचं दार त्यांनी स्वतः घडवलं, त्याच दारातून.

माझं लग्न होऊन मी कसाऱ्याला गेले. पाच-सहा वर्षांनी माहेरी आलेली असताना बुवा पुन्हा पेटी घेऊन हजर. घड्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. उंदरांना सरस फार आवडतो, ते तरी कशाला खोटं बोलतील? बाबांकडे तोवर डब्यातला पांढरा गोंद आला होता. मला वाटलं, हे खोटं मिटवायची हीच वेळ. मी मुद्दाम बुवांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाबा, या खेपेला पांढराच लावा. त्यात जनावराचं काय नसतं."

बाबांचा हात थांबला. ते माझ्याकडे नाही, बुवांकडे बघत होते.

बुवांनी शांतपणे माळ सदऱ्याच्या आत सारली. "पांढऱ्याचा सांधा परत उकलत नाय गो," ते मला म्हणाले. "सरस कसा, वाफ दाखवली का सुटतो, नवा लावता येतो. पेटी माझ्यामागं पन वाजायची हाय." मग बाबांकडे वळले. "मागं लावलास तोच लाव. आन मी इचारलं का मागच्यासारखंच सांग."

बुवा पेटी ठेवून गेले. बुवांवर संशय घ्यायचं मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. बाबा मागच्या दारी तीन दगडांमध्ये काटक्या सारत होते. मी जाऊन विचारलं, बुवांना ठाऊक होतं हे तुम्हाला कधी कळलं?

"पैल्याच दिवशी. नांगर नीट करून घेत सुताराच्या दारात जल्म गेला त्याचा, त्याला सरस ठावा नाय?"

"मग मला का नाही सांगितलं? मी तुम्हाला लबाड समजत होते."

"ठावं हाय मला," बाबा डबा पाण्यात ठेवत म्हणाले. "दर एकादशीला बघायचीस ना माझ्याकडं. पन गुपित बुवाचं होतं, माझं नाय."