मी काही विचारणार नाही

नागरा गावाच्या पुढच्या एका खेड्यात मी चौथीला शिकवते. गेल्या वर्षी शेवटच्या तासाला मी पुस्तकांची पेटी उघडी ठेवायला लागले. "हवं ते घ्या, वाचा. मी काही विचारणार नाही," असं मुलांना सांगितलं.

कुणी हललं नाही. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी, वर्गात सगळ्यात तोंडावर बोलणारी, म्हणाली, "मंग कायले वाचाचं, म्याडम?"

"मजेसाठी."

तिनं शेजारणीकडे पाहिलं. मी काहीतरी लपवतेय, याची दोघींना खात्री होती.

पुस्तकं घेतली त्यांनी, पण एक डोळा माझ्यावर. मी उठले की सगळ्यांचे ओठ हलायचे. जवळ जाऊन ऐकलं, तर नावं पाठ करणं चाललं होतं: राजाचं, गावाचं, पोपटाचं. बाई कधीतरी विचारणारच! मग मीही माझं पुस्तक घेऊन त्यांच्यातच सतरंजीवर बसू लागले. हळूहळू ओठ थांबले. एकदा ती मुलगी वाचता वाचता स्वतःशीच हसली.

त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक घेतलं, मिटलं आणि विचारलं, "सांग, यातून काय बोध घेतला?"

ती साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पेटीकडे कुणी फिरकलं नाही.

"तुमीच सांगतलं होतं ना साहेबाले?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"मंग मलेच काऊन विचारलं?"

"बरं, आज तुम्ही मला विचारा," मी म्हटलं. "पेटीतल्या कोणत्याही पुस्तकातलं."

लगेच सगळे पेटीवर तुटून पडले. ती मात्र कोल्ह्याची गोष्ट घेऊन कोपऱ्यात बसली, शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि मगच उभी राहिली.

"कोल्ह्याच्या बायकोचं नाव काय?"

मी खूप आठवून पाहिलं. "नाही बा आठवत."

"बायकोच नाही त्याले!" ती ओरडली. वर्ग हसून हसून लोळला. मीही.

तेव्हापासून मला फसवायला म्हणून का होईना, मुलं पुस्तकं पूर्ण वाचू लागली. काहींना पुढे फसवायचं भानही राहिनासं झालं. ती आता पाचवीत आहे. मधल्या सुट्टीत पुस्तक न्यायला येते, ओट्यावर बसून वाचते. मी शेजारून गेले की पानात बोट घालून पुस्तक मिटते.

"काय, म्याडम?"

"काही नाही."

मी लांब जाईपर्यंत ती पुस्तक उघडत नाही.