माईक लावायचं भोक

आबांच्या घशाचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं. आवाज राहीलच असं नाही, डॉक्टर म्हणाले, आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मेंढरं विकून शेतीत पडलेल्या माझ्या बापावर मला फिल्म करायची होती, आणि महिनोन् महिने मी नुसता कॅमेराच निवडत बसलो होतो.

पुण्याच्या दुकानात हाय-डेफिनिशन टेपचे दोन कॅमेरे होते. एक नवाकोरा, चित्र असं लख्ख की बघत राहावं. दुसरा सेकंडहँड, जाडजूड, चित्र जरा मऊ. मी नव्यावर भाळलो होतो.

"ह्याला माईक लावायचं भोक नाही बरं का," दुकानदार म्हणाला.

"मग काय बिघडलं?"

शिरूर-दौंडकडची लग्नं शूट करण्यात माझी उमर गेलेली. लग्नात आवाज ठेवतो कोण? आवाज पुसायचा, वर गाणी टाकायची आणि मूळ टेपवर पुढचं लग्न घ्यायचं, ही आमच्या धंद्याची रीत. उद्या येतो म्हणून निघालो, पण एसटीत जिवाला चैन पडेना.

कवठ्याला घरी आल्याआल्या बहिणीच्या लग्नाची, मीच शूट केलेली कॅसेट लावली. केडगावच्या मांडवात आबा व्याह्यांना हात जोडून काहीतरी सांगत होते. डोळे भरलेले. आणि वर सनई. दुसरी कॅसेट लावली, तिसरी लावली. सगळीकडे आबांचं नुसतं तोंड हलतंय. त्या सनईचा असा संताप आला की रिमोट भिंतीवर हाणला. रात्रभर येरझाऱ्या घातल्या.

सकाळी पहिल्या गाडीनं जाऊन जाडा कॅमेरा आणला, सोबत लांब माईक. आबांना बांधावर उभं केलं.

"मेंढरांना हाळी द्या, आबा."

"मेंढरं हायत कुठं आता?"

"नसू द्यात. तुम्ही द्या."

आबा लाजले. इकडंतिकडं बघितलं, खाकरले आणि दिली. घसा बसलेला, तरी हाळी तीच. पोरवयात माळावर ती ऐकली की मेंढरांआधी मीच पळत सुटायचो. हेडफोनमध्ये ती थेट कानात शिरली.

टेप थांबवली. आबा कॅमेऱ्याजवळ आले.

"बरी आली का?"

"आली."

"मंग," आबांनी आपलं सहज विचारलं, "ह्याच्यावर गानं कंचं टाकनार?"