देवराव भाऊंनी विचारलं नाही

आमच्या स्काऊट-गाईडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी गेल्याचा निरोप नेहमी देवराव भाऊच टाकायचे. कुठला जुना स्काऊट, कोणाचे वडील, कोणी निवृत्त मुख्याध्यापक... आधी फोटो, मग दोन ओळी, आणि शेवटी ठरलेलं, ‘शक्यतो सर्वांनी स्कार्फ घालून यावे.’ त्यामुळे दिवाळीनंतरच्या त्या सकाळी ग्रुपवर त्यांचा टोपीतला फोटो दिसला, तेव्हा मी सवयीने खालच्या ओळी वाचायला गेले, आज कोण गेलं म्हणून. खाली नाव त्यांचंच होतं. निरोप त्यांच्या मुलाने टाकला होता. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, रागच आला. दवाखान्यातून आठवड्याभरात घरी सोडणार होते की हो! फोन हातात घेतला आणि त्यांचाच नंबर काढला, ‘हे काय चाललंय भाऊ’ म्हणून झापायला... मग फोन ठेवून दिला.

देवराव रामटेके म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. मुलचेरा, गडचांदूर, वरोरा, जिथे ड्युटी लागेल तिथे जायचे. पण रविवारी सिंदेवाहीच्या आमच्या शाळेच्या मैदानावर खाकी चढवून हजर. पगार नाही, मानधन नाही, कोणी बोलावलेलंही नाही. मी त्या शाळेत शिक्षिका. माझ्या गळ्यात गाईडची जबाबदारी मुख्याध्यापकांनी घातली होती, कारण मी नवी होते आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. पहिल्याच रविवारी मी साडी सावरत, कपाळाला आठ्या घालून उभी, आणि समोर हा उंच, काळासावळा माणूस पोट्ट्यांना दोरीच्या गाठी शिकवतोय. मला म्हणाले, “या कुंदाबाई. तुमाले गाठ येते?” मी म्हटलं, “मला फक्त परकराची नाडी बांधता येते.” तर हा माणूस गंभीर चेहऱ्याने म्हणतो, “मंग अर्धं काम झालं. ती सुटत नाई, हेच तं पाह्यजे.” पोरं खी खी हसली. मी अशी चिडले! पण पुढच्या रविवारी गेलेच. पुढे तीस-बत्तीस वर्षं जातच राहिले, निवृत्तीनंतरसुद्धा.

त्यांच्या अंत्यविधीला गर्दी पुष्कळ. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, अग्नी दिला. लोक हळूहळू परतायला लागले. तेव्हा एक गंमत झाली, म्हणजे आता गंमत म्हणते, तेव्हा काळीज हललं. शिबीर उठलं की आमच्यात मैदान झाडायची रीत आहे. सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभं राहायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं, पायाखाली कागदाचा कपटासुद्धा सोडायचा नाही. तर त्या स्मशानात आमचे म्हातारे-कोतारे स्काऊट, कोणी आता वनरक्षक, कोणी किराणा दुकानदार, कोणी आजोबा झालेला, न सांगता न सवरता ओळ धरून उभे राहिले. पाण्याच्या बाटल्या, हारांचे दोरे, उदबत्तीची पाकिटं... सगळं वेचत वेचत फाटकापर्यंत आले. भाऊंचे एक नातेवाईक म्हणाले, “अजी, हे काम नगरपालिकेचं हाय न!” ओळ काही मोडली नाही. मीही वाकले होते. गुडघे बोंबलत होते, पण वाकले होते.

त्यांच्या हट्टीपणाच्या गोष्टी सांगायच्या तर पेपर पुरायचा नाही. एक सांगते. फार मागे, मुलचेऱ्याकडच्या जंगलात आमचं शिबीर होतं. मागोव्याचा खेळ असतो आमचा. पुढची तुकडी वाटेवर दगडांचे बाण ठेवत जाते, मागची तुकडी ते वाचत जाते. उजवीकडे वळा, इथे पाणी आहे, ही वाट नको. आता गडचिरोलीच्या जंगलात, नक्षलवाद्यांच्या त्या दिवसांत, वाटेवर कोणी खुणा ठेवल्या, तर काय होईल ते सांगायला नको. गस्तीवरच्या जवानांनी बघितलं आणि भाऊंनाच धरलं. “ये बाण किसने रखे?” भाऊ शिटी गळ्यात, अर्ध्या चड्डीत, ताठ उभे. “मैंने रखे. आगे पानी है, वो बताने के लिए.” त्यांना काही पटेना. शेवटी भाऊंनी त्या जवानांनाच बाण वाचत वाचत चालवत नेलं. टोकाला आमचा भाताचा गंज, हे एवढं पातेलं, चुलीवर आणि चाळीस भुकेली पोरं! जवान जेवूनच गेले. पण त्यानंतर पोलीस आणि वनखातं, दोघांना आधी सांगितल्याशिवाय भाऊंनी एक दगड जंगलात हलवला नाही. हट्टी होते, बेफिकीर नव्हते. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण शेवटच्या वर्षांत लोक त्यांना बेफिकीर म्हणायला लागले होते. आणि त्यात मीही होते.

झालं असं की आमच्याकडे वाघ वाढले. हे वाचणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांना कौतुक वाटेल. आमच्याकडे बाया मोहफुलं वेचायला जातात आणि परत येत नाहीत. जवळच्या एका गावातल्या सुखदेव मडावीची बायको अशीच चैतात गेली. तिची मुलगी रोशनी आमच्या गाईड पथकात होती. त्यानंतर तालुक्यातल्या कुठल्याच आईबापाने पोरांना जंगलातल्या शिबिराला पाठवलं नाही. कोण पाठवेल? मग शिबीर शाळेच्या अंगणात घ्यायला लागलो. अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवलेले, तंबूची खुंटी कुठे ठोकणार? बादल्यांत वाळू भरून त्यांना दोर बांधायचे, नाहीतर वर्गातली बाकं बाहेर काढायची. शेकोटी लोखंडी घमेल्यात. मला तर बरं वाटायचं, संडास जवळ होता. भाऊ मात्र तंबूंमधून असे फिरायचे जणू पाहुण्यांच्या घरी आलेत. मला एकदा म्हणाले, “बाई, हे शिबीर नाई. हे लगनातलं जानवसघर हाय.”

रोशनी येत राहिली. आई गेल्यावर महिनाभर घरी होती, मग एका रविवारी आली आणि दोरी घेऊन गाठी मारत बसली. कधी रडली नाही. एकदा आम्ही दोघं जवळ असताना तिने भाऊंना विचारलं, “भाऊ, माही माय जंगलात गेली, तं मी आता जंगल पाह्याचंच नाई का?” मी पटकन म्हटलं, “अगं बाई, नको तसलं काही मनात आणू.” भाऊ मात्र त्या दिवसापासून एकच धरून बसले. शिबीर एकदा जंगलात घ्यायचं. तलावाच्या पाळीजवळ वनखात्याची रोपवाटिका आहे, तारेचं पक्कं कुंपण आहे, वनरक्षक आपलाच जुना पोरगा आहे, आणि अंधार पडल्यावर कुंपणाबाहेर पाऊल नाही. सगळं ठरवलेलं. आणि एक अट. रोशनी येईल तरच. “तिले घरी ठेवून बाकीचे नेले, तं ती जलमभर भेत राह्यल,” म्हणाले. “अन् घर जंगलाच्या अंगाले हाय तिचं. भेऊन कुठी जाईल?”

आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, “तुम्ही कुंपण दाखवता मला? उद्या एका पोरीला नुसता ओरखडा आला, तर तिच्या बापाला तोंड काय दाखवाल? एकदा त्याचं घर उजाडलंय.” ते म्हणाले, “तेच तं. त्यानं हो म्हटल्याबिगर नाई नेत मी.” मग विचारा ना त्याला, मी म्हटलं, एकदाचा तुकडा पाडा. विचारलं नाही. दर रविवारी मैदानावरून सायकलने सुखदेवच्या घरी जायचे. अंगणात बसायचे. धानाचं बोलायचे, बैलाच्या पायाचं बोलायचे, काळा चहा प्यायचे आणि परत यायचे. पावसाळ्यात चिखलातून जायचे. रस्ता धड नाही, वय पंचाहत्तरीला आलेलं, दम लागायचा. घरी त्यांच्या बायकोचा जीव टांगणीला. शेवटी मीच एकदा डाफरले, “काऊन विचारत नाही तुम्ही? जाता तर खरं!” भाऊ हसले. म्हणाले, “बाई, विचारलं का तो नाई म्हनल. अन् मानसानं एकदा तोंडानं नाई म्हटलं, का त्याले ते नाई पाळा लागते. मंग हो म्हनाचं मनात आलं तरी म्हनता येत नाई त्याले. काऊन अडकवू गरिबाले?”

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, या माणसापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटची भेट चंद्रपूरच्या दवाखान्यात झाली. फुप्फुसात पाणी झालं होतं. उजव्या हाताला सलाईन, म्हणून डावा पुढे केला. आम्ही स्काऊटवाले तसेही डाव्याच हाताने हात मिळवतो, त्यामुळे त्यात वेगळं काही वाटलं नाही. हात मात्र हलका झाला होता, फार हलका... मी खुर्ची ओढून बसले आणि मनात पक्कं ठरवून बसले. आता हे म्हणणार, ‘बाई, शिबीर तुमी घ्या.’ माझं उत्तर तयार होतं. गुडघे, बीपी, वय, आणि वाघाच्या दारात दुसऱ्यांची पोरं नेण्याची माझी छाती नाही. सगळं बसमध्ये येताना घोकलं होतं. भाऊ इकडचं तिकडचं बोलत राहिले. जेवणात मीठ नाही म्हणाले. बाजूच्या खाटेवरच्या पेशंटला कंडक्टरकीचे किस्से सांगितले. मग डोळे मिटून म्हणाले, “तंबूचे दोर एकदा उनात टाकले पाह्यजे, बाई. पावसाळ्यात कुबट झाले असतीन.” बस्स. शिबिराचं अवाक्षर नाही. मी घोकलेलं सगळं तसंच परत घेऊन आले, आणि खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं.

ते गेल्यावर रविवारी मी मैदानावर गेले. पोरं आली होती, पण खेळायला कोणाचं मन नव्हतं. दोर उन्हात टाकले, वाळले की गुंडाळून ठेवले. तंबू, झेंडा, सगळं जिल्ह्याच्या कार्यालयात जमा करून द्यावं आणि पथक बंद करावं, असं माझ्या मनाने घेतलं होतं. कोणाला बोलले नव्हते. रोशनी कोपऱ्यात बसून होती. तिने मला काही विचारलं नाही आणि मी तिच्याकडे बघितलं नाही. फार वाईट गेले ते रविवार. घरी येऊन मी नुसती पडून राहायचे. नवरा गेला तेव्हाही मी इतकी सैरभैर झाले नव्हते, तेव्हा निदान दर रविवारी कुठे जायचं हे ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात, दुपारचं जेवण आटोपून मी भांडी पालथी घालत होते, तर फाटकाशी सुखदेव मडावी. धानाची मळणी उरकून आला असावा, अंगावर भुसा तसाच. खुर्ची दिली तर बसला नाही, पायरीवर टेकला. मी चहा ठेवला. तो कप हातात धरून बसला, मी उरलेली भांडी पालथी घातली. हे लोक असे बसतात तेव्हा आपण घाई करायची नसते, एवढं मला भाऊंनी शिकवलं आहे.

मग कप खाली ठेवून म्हणाला, “बाई, भाऊ येत होते न माह्या घरी...”

“हो रे. दर रविवारी.”

“मले मालूम होतं काऊन येते ते. पोरीनंच सांगतलं, तिले त्या कुंपनात न्याचं होतं त्यायले. मी म्हनो, आता इचारतीन, मंग इचारतीन. मी नाई म्हनाले तयारच बसून राहो. हरघडी. त्यायनं इचारलंच नाई.” त्याने उपरण्याने तोंड पुसलं. “अन् नाई म्हनता म्हनता, बाई... मनातल्या मनात... कवा हो झालं, मलेच नाई समजलं. दिवाळी झाली का सांगतो म्हटलं होतं. हासत हासत सांगीन म्हटलं, घ्या, न्या तुमची पोरगी. आता मले हो म्हनाचं हाय, तं आयकाले मानूस नाई.”

मला रडू आवरेना. त्याच्यासमोरच रडले, काय लपवायचं? भाऊ गेल्यापासून इतकं मोकळं रडले नव्हते. थोड्या वेळाने मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, “मी विचारते तुला सुखदेव. माझ्यासमोर म्हण.”

त्याने मान हलवली. “नोका इचारू, बाई. त्यायनं नाई इचारलं, तुमीबी नोका इचारू.” उठून उभा राहिला, पायताण घातलं. “फकत तारीख सांगा. पोरीचं पांघरून पातळ हाय, थंडीचं दुसरं पाहा लागन. अन् मी येतो संग. कुंपनाच्या आत निजतो, कोनाले तकलीफ नाई माही.”

तारीख कुठली? शिबीरच नव्हतं. पथकसुद्धा माझ्या मनाने मी बंद करून टाकलं होतं. गुडघे, बीपी, वय, सगळं अजूनही खरं होतं, आणि वाघ तर होताच. पण सुखदेव फाटकाला हात लावून थांबला होता.

“संक्रांतीनंतरचा शनिवार,” मी म्हटलं.