पत्र्यावरच्या पऱ्हाट्या

चंद्रभान गुरुजींनी शाळेच्या पत्र्यावरच्या पऱ्हाट्या खाली ओढल्या, त्या दिवशी तीन पोरांचा घोळणा फुटला. साल चोपन्न, महिना एप्रिल, वेळ भर बाराची. गुरुजी नुकतेच ट्रेनिंग करून देवळीजवळच्या त्या गावी आले होते. कापूस वेचून उरलेली वाळकी झाडं छपरावर रचलेली पाहून त्यांना शाळेचा गोठा झाल्यासारखं वाटलं. ती त्यांनी गावाला सरपण म्हणून वाटून टाकली. वर 'खेळती हवा' हा आवडता धडा घेतला आणि सहाही खिडक्या सताड उघडल्या. भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा आली आणि पोरांना लोळवून गेली.

एरवी शाळा सकाळची करून निभावलं असतं. पण चार दिवसांनी चौथीची परीक्षा होती, आणि परीक्षक यायचे अकराच्या मोटारीनं.

"पोरगं भाजायले नाई पाठवत आमी," महादेवराव पाटलांनी दारातूनच बजावलं. बाकी गाव पाटलांच्या मागं. अकरा पोरांपैकी नापास कोणी नाही, कारण हजरच कोणी नाही, असा निकाल गुरुजींच्या डोळ्यांपुढं नाचू लागला.

शेवटी ते पंचफुलाबाईच्या दारी गेले. पंधरा वर्षं ही बाई शाळा सारवत होती. ऊन म्हणजे तिची सवत. त्या सवतीला शाळेचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही, एवढा एकच हट्ट तिनं जन्मभर धरला होता.

"पऱ्हाट्या वाटल्या ना? मंग आता घरोघर मागा."

गुरुजींनी मागितल्या. धोतराचा काचा मारून, डोक्यावर भारे घेऊन. ते पाहून पाटलांना हसू आवरेना. "घ्या गुरुजी, हे आमच्याकडून दोन भारे. अन् पोरगंबी घ्या."

पऱ्हाट्या पुन्हा पत्र्यावर चढल्या. परीक्षेच्या दिवशी बाईनं पहाटे खिडक्या उघडल्या, उन्हं चढताच लावल्या, त्यांवर ओली तरटं टांगली. सारवलेल्या भुईवर अनवाणी फिरली, "अजून निवली नाई," म्हणाली आणि पुन्हा पाणी शिंपडलं. परीक्षक घाम पुसत आले, खुर्चीत टेकले आणि पाच मिनिटांत घोरू लागले. अकराही पोरांनी पेपर पुरा केला.

पोरं पांगल्यावर गुरुजी तिच्यापाशी गेले. "बाई, मी खिडक्या उघडल्या तेव्हा तुम्ही दारातच उभ्या होतात. एका शब्दानं का अडवलं नाही मला?"

बाईनं तरट पिळलं.

"तुमी शिकवून राह्यलते, गुरुजी."