अठरा नखं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. देवापुढे हात जोडले की हे ओठांपर्यंत यायचं, आणि मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून मोकळी व्हायची. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. जमेल का? बघते.

गोष्ट मांजराच्या नखांची आहे. हसलात ना? हसा. मीही पहिल्यांदा हसले होते. लग्न होऊन नगरला आले तेव्हा पंधरा वर्षांची होते, आणि सासूबाईंनी कात्री हातात देऊन सांगितलं की अमावास्येला मांजराची नखं कापायची. मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा चालली आहे.

थट्टा नव्हती. आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत माग, मागावर उभं सूत ताणून बसवलेलं — त्याला ताणा म्हणायचं. ताण्याला पिठाची खळ लावलेली असते, आणि त्या पिठाच्या वासाने उंदीर येतात. म्हणून मांजर हवंच. पण मांजर ताण्यावरून नुसतं चालत गेलं तरी नखांत दहा धागे अडकून उचकटतात. म्हणजे मांजर पाळायचं आणि त्याची नखंही ठेवायची नाहीत. माग अमावास्येला बंद असायचा, तेव्हा हे काम. माणसाची नखं त्या दिवशी कापत नाहीत. पण मांजराला कसली आलीय अमावास्या!

मांजराचं नाव मैना. ती गोदावन्संची. गोदावन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. देवीच्या साथीत तिचा नवरा गेला आणि त्याच दुखण्यात हिचे डोळे गेले. माहेरी परत आली आणि कांड्या भरायला बसली. धोटा म्हणजे ताण्यातून आडवा धावणारा लाकडी तुकडा, आणि कांडी म्हणजे त्यात घालायची सुताची नळी. चरखा फिरवायचा आणि सूत नळीवर गुंडाळायचं. डोळस बाईला तीन दिवसांत जमावं तेवढं ती एका दिवसात करायची. धागा तुटायच्या आधी तिला ऐकू यायचं. खरंच सांगते. चरखा थांबवायची, बोटाने चाचपायची, आणि तिथेच सूत विरलेलं असायचं. मामंजी आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या गोदीचं डोळं कानात हायेत." हे ऐकलं की ती मान खाली घालून हसायची. त्या घरात आयत्या भाकरीवर नव्हती ती, आणि हे तिलाही माहीत होतं.

तर नखं. वन्सं मैनेला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर दाबून धरायची, मी एकेक पंजा बाहेर काढून कापायची. मैना काय सुखासुखी कापू देते? गुरगुरायची, फिस्कारायची, सगळं अंग पिळून काढायची. वन्सं कात्रीचे आवाज मोजायची. पुढच्या पायांची पाच-पाच, मागच्यांची चार-चार. अठरा झाले की आत हाक द्यायची, "झालं गं आई!" सासूबाई बघायलासुद्धा यायच्या नाहीत. वन्संनी मोजलं म्हणजे झालं.

तिसऱ्या खेपेला माझी कात्री खोल गेली. नख मुळापर्यंत कापलं गेलं, रक्त आलं, आणि मैनेने माझ्या अंगठ्याखाली दात रोवले. हात कोपरापर्यंत सुजला. तुटलेले धागे सांधायला बसवेना, तर सासूबाई म्हणाल्या, मांजराचं काय एवढं भ्यायचं? वन्संनी मात्र हळद गरम करून बांधली. आठ दिवस रोज बांधली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं जे आहे ते मी हिच्याशी केलं.

पुढच्या अमावास्येला मी पंजा हातात धरला आणि अंगठ्याखालचे दातांचे व्रण दिसले. आणि मग — कात्री हवेतच चालवली.

भीतीनेच केलं, पहिल्यांदा तरी. वन्संनी मान कलती केली आणि म्हणाली, "आज आवाज पोकळ का येतोय गं?" मी म्हटलं, कात्रीला तेल घातलंय. तिने लगेच मानलं. तिने मानलं म्हणून मला बरं वाटलं — आणि खरं सांगू? थोडी मजाही वाटली. जिच्या कानांचं घरभर कौतुक, तिला मी फसवलं होतं. त्यापुढच्या अमावास्येला मी केरसुणीच्या काड्या पदराखाली घेऊन बसले. पंजाशी काडी धरायची आणि कापायची. कट्! अगदी नखासारखा आवाज. अठरा तुकडे. मैना बिचारी लुगड्यात उगाच ओरडत होती. याला भीती म्हणतात का? काड्या आधी निवडून, सारख्या जाडीच्या बघून ठेवते, ती भ्यालेली असते का?

मैनेने वन्संच्या अंगावर कधी नख काढलंच नाही. म्हणून तिच्या हातांना कळायचा प्रश्नच नव्हता.

लढाईचे दिवस होते. सूत कंट्रोलवर मिळायचं, तेही मिळेल तेव्हा. कितीतरी दिवस रिकामा पडलेला माग अखेर भरला. लग्नाच्या लुगड्याचा ताणा चढला. दुपारी सगळे जेवायला बसलो होतो आणि उंदीर पळाला, त्याच्यामागे मैना, सरळ ताण्यावरून. आम्ही धावत आलो तेव्हा मधले धागे तुटून लोंबत होते आणि बाकीच्यांचा गुंता झाला होता. मामंजी मागापाशी खालीच बसले.

सासूबाईंनी मैनेचं मानगूट धरलं, पंजा दाबला. बाभळीच्या काट्यासारखी नखं बाहेर आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "वन्संनीच कापू दिली नाहीत. म्हणाल्या, मागं रक्त आलं होतं, आता राहू दे."

इतकं सहज आलं तोंडात. आणि सगळ्यांना पटलं, कारण मांजरावर तिचा जीव होता.

"न्हाई आई," वन्सं म्हणाली. "कातर वाजली. अठरा डाव वाजली. म्या मोजली की." मग माझ्या बाजूला तोंड करून म्हणाली, "इंदू, सांग की गं."

मी लोंबणारे धागे गोळा करायला लागले.

मामंजी म्हणाले, "गोदे, डोळं तर गेलंच हुतं. आता कानबी गेलं व्हय?"

मैनेला पोत्यात घालून सीना नदीपलीकडे सोडून आले. वन्सं त्यावर रडली नाही. दुसऱ्या दिवशी चरख्यावर बसली, आणि थोड्या वेळाने चरखा थांबवून विचारलं, "तुटला का गं?" धागा तुटलेला नव्हता. पुन्हा थांबली, पुन्हा विचारलं. दिवसभर तेच. जिला तुटायच्या आधी ऐकू यायचं, ती आता न तुटलेला धागा दहा वेळा चाचपायची. कांड्या निम्म्यावर आल्या, मग त्याहून कमी. सासूबाईंनी एक दिवस चरखा उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. त्यावर मी कांड्या भरल्या. बरीच वर्षं भरल्या.

सूत आणखी कमी झालं तसं घरात ठरलं, तिला पाथर्डीकडे तिच्या दिराच्या घरी पाठवायचं. तिथे ती दुसऱ्या वर्षी वारली. कार्ड आलं होतं, चार ओळींचं. कशाने वारली तेही लिहिलं नव्हतं.

पण मी सांगायला बसले ते हे नव्हे. इथवरचं मी मनात कितीदा तरी माफ करून बघितलं आहे — पोरवय, परकं घर, सासूचा धाक. पुढचं होत नाही.

ती निघाली त्या सकाळी मामंजी मोटारीच्या अड्ड्यावर जागा धरायला गेले होते, सासूबाई पाण्याला. घरात आम्ही दोघीच. मी तिचं गाठोडं बांधत होते. ती भिंतीला टेकून बसली होती. अगदी हळू आवाजात म्हणाली, "इंदू, म्या कुनाला सांगायची न्हाई. तुज्यावर रागबी न्हाई. एवढंच सांग — त्या दिशी कातर वाजली हुती ना गं?"

बघा. तिला मैना परत नको होती, चरखा नको होता. तिला फक्त तिचे कान परत हवे होते. "हो" म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? ती तर निघालीच होती. आणि तिने कोणाला सांगितलं असतं तरी तिच्यावर कोण विश्वास ठेवणार होतं? मला कसलीही भीती नव्हती. त्या सकाळी तर अजिबात नव्हती.

मी म्हणाले, "नाही, वन्सं. तुम्हाला भास झाला असेल."

तिने भिंतीचा टेका सोडला. मग "बरं" म्हणून उठली, आणि दोन्ही हात पुढे करून दार शोधू लागली. त्या घरातलं दार तिला तोवर कधी शोधावं लागलं नव्हतं.