छावणीचं तेल आणि आमच्या तिसऱ्या

गोवा मोकळा झाला त्यानंतरच्या उन्हाळ्यात शिरोड्याजवळच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय आला. काठावरच्या लष्करी छावणीतले जवान ट्रक खाडीत धुवायचे, जळकं तेलही तिथेच ओतायचे. बाजारात आमच्या तिसऱ्या कोणी घेईना. जाब विचारायला गेलो, तर साहेब म्हणाला, "देशासाठी एवढं सोसा. तेल कुठे ओतायचं याचा नियम नाही."

माझ्या मावशीने शिजवलेल्या तिसऱ्यांचा टोप त्याच्यापुढे ठेवला. "घे सायबा, देशासाठी एक तरी खा रे! माका बघूचा आसा."

त्याने नाकाला रुमाल लावला. दुसऱ्या दिवसापासून ट्रक माळावर धुतले जाऊ लागले, तेलही खाडीत पडेनासं झालं. पण खाडीत तेल ओतू नये असा लेखी हुकूम अजून नाही, आणि साहेब तर बदलत असतात. तुमच्या गावाशेजारी छावणी असेल, तर हा हुकूम लेखी मागा आणि मिळेपर्यंत फाटकासमोरून हलू नका.